उमाठे साहेब आणि औषधाची जीप

कुठलाही कागद हाती आला की उमाठे साहेब तो आधी नाकाला लावत. वाचायचं नंतर. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर वकिलाची नोटीस; डोळे मिटून एक मोठा श्वास आणि मग निकाल. "बांबू आहे." "निलगिरी." किंवा नाक मुरडून, "रद्दीचा लगदा." माझा नोकरीचा अर्जही त्यांनी असाच हुंगला. मी समोर बसले होते. पुण्याहून आणलेली सांख्यिकीची पदवी, कडक इस्त्रीची साडी आणि 'ही मंडळी माझ्याकडून बरंच शिकतील' असा चेहरा घेऊन. साहेबांनी अर्ज खाली ठेवला आणि म्हणाले, "कागद चांगला वापरला बाई तुम्ही. आता मजकूर पाहतो."

त्यांचा अंदाज बरोबर की चूक हे तपासणारं ऑफिसात कोणीच नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. मग एकदा मी आमच्याच मिलचा कागद दुसऱ्याच वेष्टनातून काढून पुढे केला. त्यांनी हुंगला आणि हळहळून म्हणाले, "परदेशी माल. आपल्याले असा जमत नाही." मी कागद परत वेष्टनात घातला. माणसाला एखादा अभिमान असू द्यावा.

तेव्हा मी चाळिशीत होते. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही कलकत्त्याला आलो, बेहाला भागात घर घेतलं, मुलगा शाळेत जायला लागला आणि मला घरात करमेना. मी ज्या कंपनीत लागले ती कागद करायची. मिल ओडिशाच्या डोंगरांत, हेड ऑफिस इथे ऑफिसपाड्यात, म्हणजे कचेऱ्यांच्या जुन्या भागात, जाळीच्या दाराची लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीत. उमाठे मूळचे चंद्रपूरकडचे. वनशास्त्र शिकलेले, उमेदीची वर्षं बांबूच्या जंगलात काढलेली, आणि बायकोच्या दुखण्यापायी शहरात येऊन बसलेले. हुद्दा मोठा होता, पण काम काय ते कोणाला धड सांगता यायचं नाही. जंगल, तोडणारे मजूर, त्यांची गावं, सरकारी परवाने, यांतलं जे इतर कोणालाच नको असेल ते त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. वार्षिक अहवालात त्यालाच 'सामाजिक जबाबदारी' असं भारदस्त नाव होतं.

ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. आपलं माणूस भेटलं म्हणून मी हरखले आणि पहिल्याच आठवड्यात त्या आपल्या माणसाची भाषा सुधारायला घेतली. "साहेब, मले नाही, मला म्हणतात." त्यांनी तोंडातली मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, शांतपणे चावली, मातीच्या भांड्यातला चहा संपवला आणि म्हणाले, "बाई, मले म्हटलं तरी पगार मलेच भेटते नं? मग काऊन त्रास करून घेता?" आज माझी नात मुलाच्या न्यू टाउनच्या घरात "आजी, मला पाणी खायचंय" म्हणते, अगदी बंगाल्यांसारखं, आणि मी मुकाट्यानं ग्लास भरून देते. तेव्हाची मी हे ऐकून तीन दिवस जेवले नसते.

उमाठ्यांच्या टेबलावरच्या सगळ्या नकोशा गोष्टींत त्यांना जीव की प्राण अशी एकच होती, ती म्हणजे औषधाची जीप. कंपनीच्या थोरल्या शेठनी ती सुरू केली होती. कधीकाळी जंगल पाहायला गेले असताना त्यांनी तापानं फणफणलेल्या एका बांबू तोडणाऱ्याला खाटेवर घालून डोंगर उतरवताना पाहिलं होतं म्हणे. तिथे ताप म्हणजे मलेरिया, आणि सरकारी दवाखाना दोन घाट ओलांडून. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी एक जीप निघायची. आत एक डॉक्टर, सबिता नावाची नर्स आणि औषधांचे खोके. बाजारात मोहाच्या झाडाखाली उभी राहायची, मग पाड्यापाड्यांवरून फिरून संध्याकाळी परत. थोरल्या शेठनी कधी तिचा खर्च विचारला नाही. उमाठ्यांनीही कधी सांगितला नाही.

"जंगलात ताप तारीख पाहून येत नाही बाई," ते म्हणायचे. "पण जीप तारीख पाहून जाते. म्हणून लोक तापालेच समजावते, थांब बापा, बाजाराच्या दिवशी ये."

हे सांगताना ते हसायचे नाहीत. एकूणच हसण्याच्या बाबतीत कंजूष माणूस. बायको दोन वर्षं अंथरुणावर होती आणि मग गेली. मुलगी लग्न होऊन परदेशी. डमडमच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, डोक्यावरून विमानं जायची. मी एकदा विचारलं, "झोप लागते का या आवाजात?" तर म्हणाले, "विमान गेलं की बरं वाटते. कोणीतरी कुठंतरी पोचून राहिलं."

मग थोरले शेठ वारले आणि धाकटे आले. परदेशात शिकलेले, मृदू बोलणारे, शिपायालाही 'जी' लावणारे. खर्चाचे कागद वाचता वाचता ते जीपपाशी थांबले. "उमाठेजी, यातून आपल्याला काय मिळतं?"

आता या प्रश्नाला एक साधं उत्तर होतं: आपल्याला काही मिळत नाही, त्यांना औषध मिळतं. थोरल्या शेठनी ते ऐकून मान डोलावली असती. पण उमाठ्यांना या नव्या माणसाची धास्ती वाटली. जीप जाईल, या एकाच भीतीनं ते म्हणाले, "पंधरा दिवसांत सांगतो," आणि थेट माझ्या खुर्चीपाशी आले.

"बाई, तुमची ती पदवी कामाची आहे का भिंतीची?"

तेव्हाची मी म्हणजे दोन ठिपके दिसले की त्यांतून रेघ काढल्याशिवाय झोप न येणारी बाई. मी मिलमधून जुने कागद मागवले. जीप नेमानं फिरली ती वर्षं कोणती, डॉक्टर मिळाला नाही म्हणून ती बंद पडली ती कोणती. बांबू वेळेवर कधी आला, संप कधी झाले, बांबूच्या डेपोला आगी कधी लागल्या. सगळं मांडलं आणि रेघ निघाली. जीप नियमित तर बांबू नियमित, बांबू नियमित तर मिल चालू, मिल चालू तर नफा वर. मी नवऱ्याला हाक मारून जेवणाच्या टेबलावर ती रेघ दाखवली. तो म्हणाला, "सुंदर आहे. भाजी लागतेय." या माणसाला सौंदर्यदृष्टी नाही असं मी त्या दिवशी कायमचं ठरवून टाकलं.

संचालकांसमोर आलेख दाखवायचा त्या दिवशी मी दिराच्या लग्नातली पैठणी नेसून गेले. आलेख दाखवायला पैठणी. ऑफिसातल्या बंगाली बायकांनी विचारलंसुद्धा, "दीदी, घरी पूजा आहे का आज?" पूजाच होती म्हणा. मी रंगीत खडूंनी काढलेली रेघ भिंतीवर लावली आणि उमाठ्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. ते बोलले हिंदीत, पण माझ्या कानात ते त्यांच्याच बोलीत राहिलंय: "शेठजी, आजारी माणूस बांबू तोडत नाही. औषध दिलं का बांबू येते. बांबू आला का कागद, कागद झाला का नफा. चांगुलपणा काही खर्च नाही. चांगुलपणा कच्चा माल आहे."

धाकटे शेठ खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. "हेच," ते म्हणाले, "हेच मला कोणी सांगत नव्हतं."

जीप वाचली. एवढंच नाही, पुढल्या वर्षी दुसरी आली. अहवालात आमचं प्रकरण मागच्या पानांवरून पुढे सरकलं, गुळगुळीत कागदावर सबिता सिस्टरचा बाळाला औषध पाजतानाचा फोटो छापून आला. परदेशी गिऱ्हाईकं खूश झाली. दर वर्षी ती रेघ नव्यानं काढायची आणि दर वर्षी ती चढायची. मी हवेत होते. नातेवाइकांना पत्रांतून कळवत होते की जंगलातल्या गोरगरिबांचं भलं आणि कंपनीचा नफा ही एकच गोष्ट आहे, हे मी गणितानं सिद्ध केलेलं आहे. सासूबाईंनी उलट पत्रात विचारलं होतं, "ते सगळं ठीक, पण चकलीची भाजणी मिळते का तिकडे?"

मग एका मोठ्या हॉटेलात कंपनीला सामाजिक कार्याचा पुरस्कार मिळाला. सगळे फोटोसाठी उभे राहिले. उमाठे कडेला, हातात न प्यायलेलं सरबत. मी म्हटलं, "साहेब, आज तरी हसा."

"बाई, तुम्ही बांबूले फूल आलेलं पाहिलं का कधी?"

"नाही."

"सुंदर दिसते. सगळं रान एकदम फुलते. शहरातले लोक येते, फोटो काढते. जंगलवाला घरी जाऊन डोकं धरून बसते. बांबू एकदाच फुलते बाई. मंग मरते."

मला वाटलं, म्हातारा आनंदात मीठ कालवतोय. मी दुसरी फिशफ्राय घ्यायला गेले.

पुढे तो कायदा आला: नफा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा ठरावीक भाग समाजासाठी खर्च केलाच पाहिजे. ऑफिसात मिठाई वाटली गेली. मी उमाठ्यांना म्हटलं, "आता तुमच्या जीपला कोणी हात लावू शकत नाही." त्यांनी मिठाईतला संदेश तोडून अर्धा मला दिला. "आणि नफा नसला तं?" मी हसले. नफा नसेल तर भाग कशाचा काढणार, हे मी त्यांना शून्याचा भागाकार समजावून सांगावा तसं समजावलं. ते ऐकत राहिले. उरलेला संदेश त्यांनी खाल्ला नाही.

तोटा आला तो डोंगरातून नाही, भलतीकडून. बाहेरचा लगदा स्वस्त झाला. बँका, कचेऱ्या, शाळा, सगळे पडद्यावर लिहू-वाचू लागले. आमचं ऑफिस न्यू टाउनला काचेच्या इमारतीत गेलं आणि तिथे फलक लागला की आपण कागदाचा वापर टाळू या. कागदाच्या कंपनीत. उमाठे फलकासमोर उभे राहून म्हणाले, "हलवायानं साखर सोडली." तोवर त्यांचं निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं, जीपसाठी म्हणून त्यांना सल्लागार करून ठेवलं होतं. मीही अर्धा दिवस जायचे, वर्षातून एकदा रेघ काढायला.

त्या वर्षीच्या बैठकीत पडद्यावर माझीच रेघ होती, पण एकटी नव्हती. हिशेबाकडच्या कोणीतरी तिच्याखाली दुसरी काढली होती. जीपची रेघ वर, नफ्याची खाली. धाकटे शेठ उद्धटपणे बोलले असते तर बरं झालं असतं. ते दुःखी होते. त्यांचे केसही आता पिकले होते.

"उमाठेजी, हे मला तुम्हीच शिकवलंत. औषध वाढलं की नफा वाढतो. आता औषध दुप्पट आहे आणि आपण तोट्यात आहोत. मी काय समजू?"

मी उभी राहिले. पदवी भिंतीची नव्हती हे दाखवायची वेळ आली होती. "कागदाचा भाव जगभर पडलाय," मी म्हटलं. "त्याचा जीपशी काही संबंध नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "मग मॅडम, नफा चढला तेव्हा होता?"

मी खाली बसले. पैठणी नव्हती नेसले, तेवढं एक बरं.

मग उमाठे म्हणाले, अगदी हळू, "शेठजी, तिथं लोक आजारी आहे." मोडक्या हिंदीत, पाठ केलेलं नसलेलं, एकच वाक्य.

शेठ म्हणाले, "पण हे तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढल्या महिन्यापासून दोन्ही जीपा बंद करायचं ठरलं. खाली उतरताना लिफ्टच्या आरशात उमाठे स्वतःकडे पाहत होते. "धाकटे हुशार आहे," ते म्हणाले. "आपण दोघं मिळून केलं बाई त्यांले हुशार."

हे तिथल्या लोकांना कंपनीनं पत्रानं कळवायचं ठरवलं होतं. उमाठे म्हणाले, वाचणार कोण? मी जातो. मग मला म्हणाले, "तुम्ही चला. एवढे ठिपके मांडले, एक ठिपका तं पाहून घ्या." लाज वाटते सांगायला, पण इतकी वर्षं जिच्या जिवावर मी मिरवले ती जीप मी तोवर फोटोतच पाहिली होती.

बाजार भरला होता. मोहाखाली रांग होती. बायका, पोरं, एक म्हातारा दुसऱ्याच्या पाठीवर. सबिता सिस्टर नेहमीसारखी नावं पुकारत होती. उमाठे त्यांच्या भाषेत बोलले. फार वेळ लागला नाही. रांगेत कुजबुज झाली आणि मग सुकरी नावाची एक वाळलेली बाई पुढे आली. तिनं विचारलं ते सिस्टरनं मला हिंदीत सांगितलं. "बांबू कमी पडला का?"

"नाही," उमाठे म्हणाले.

"खराब निघाला?"

"नाही. चांगला होता."

"मग आम्ही तर दिला," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सौद्यातली आपली बाजू पुरी केल्याची खातरी करून घेत होती.

उमाठे इतके ताठ उभे होते की ती बाईच घाबरली आणि कोणालातरी म्हणाली, साहेबांना बसायला द्या, पाणी द्या. सिस्टरनं उरलेल्या सगळ्या गोळ्या मुठीमुठीनं वाटून टाकल्या. परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर उमाठे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "संपाच्या वर्षी मीच इथं येऊन सांगितलं होतं बाई. बांबू देत राहा, जीप येत राहीन. अन् तिकडं शेठले सांगितलं, जीप देत राहा, बांबू येत राहीन. दोन्हीकडं दलाली केली. मधातला माणूस आजारी आहे, हे कोणालेच नाही सांगितलं."

"जीप वाचवायला केलंत तुम्ही," मी म्हटलं.

"वाचवली नाही. कामावर लावली. कामावरच्याले काढता येते."

त्यानंतर ते ऑफिसला गेले नाहीत. सरकारी खात्यांना भेटत राहिले, एक-दोन संस्थांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळ्यांनी चहा पाजला. मी महिन्या-दोन महिन्यांनी बेहाल्याहून डमडमला जायचे, डब्यात थालीपीठ घेऊन. घर स्वच्छ असायचं आणि माणूस दर वेळी थोडा कमी झालेला. एकदा मी समोर असताना त्यांचा फोन वाजला. पडद्यावर 'सबिता सिस्टर'. ते बघत राहिले. वाजून वाजून थांबला.

"उचला की. काय म्हणते बघा."

"मले माहीत आहे काय म्हणते. कोण आजारी आहे ते सांगते. ती पहिल्यापासून तेच सांगते." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "आता मी तिले काय सांगू? कंपनीले तोटा आहे म्हणून तुमचा ताप तुम्हीच पाहा?"

मी तेव्हाही माझी रेघ सोडली नव्हती. म्हटलं, जीप नसती तर कंपनीचं याहून वाईट झालं असतं, हे सिद्ध करता येईल. दुसऱ्या मिलशी तुलना करून बघायला हवी. ते माझ्याकडे फार मायेनं बघत होते. "करता येईन," ते म्हणाले. "तुम्हाले येईन. पण आता नका करू."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला. डमडमला त्या दिवसांत घरोघरी डेंग्यू होता. शेजाऱ्यांनी लगेच हलवलं, मोठ्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा दोन सलाइनं लागली होती, तीन डॉक्टर ये-जा करत होते. काहीच उशीर झाला नव्हता, काहीच कमी पडलं नाही. तरी गेले. मुलगी पोचायची होती, म्हणून त्यांचा चष्मा, घड्याळ आणि फोन दवाखान्यानं माझ्या हातात दिला. नवरा खाली कागदपत्रं करत होता. मी बाकावर बसले होते आणि पर्समध्ये फोन वाजला. सबिता सिस्टर.

मी उचलला. ती धाप लागल्यासारखी बोलत सुटली. कोणाचा मुलगा, कुठला पाडा, चार दिवसांचा ताप, गाडी मिळत नाही, साहेबांनी कोणाला एक शब्द टाकला तर बरं होईल. मी तिला थांबवलं आणि साहेब गेले ते सांगितलं. पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"कशानं?" तिनं विचारलं.

"तापानं."

मग नर्स विचारते तशा आवाजात तिनं विचारलं, "दीदी, औषध वेळेवर मिळालं होतं ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "मिळालं होतं."

"बरं झालं," ती म्हणाली.